मलयगिरीवरील एक दिवस

मलय हा शब्द मराठी माणसाला काव्यांतून परिचित असतो. मलयानिल वाहतो, मलयजाची उटी लागते आणि विरहिणीला दोन्ही सोसवत नाहींत. परंतु या शब्दांच्या पाठीशीं एक खराखुरा पर्वत उभा आहे, त्यावर जाण्यास डांबरी रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर वनखात्याची तिकिटांची खिडकी आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. मल किंवा मलै हा दक्षिणेकडील भाषांतला डोंगर या अर्थाचा अगदीं साधा शब्द. संस्कृत कवींनीं तो उचलला, त्याला चंदनाचा सुगंध लावला आणि उत्तरेकडे पाठवून दिला.

सह्याद्रीची जी रांग तापीच्या दक्षिणेस सुरू होते, ती महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ओलांडून निलगिरीपर्यंत जाते. तेथें पालघाटाची रुंद खिंड तिला तोडते. खिंडीच्या पलीकडे ती पुन्हां उसळी घेते आणि केरळांतील मुन्नार गांवाजवळ आपलें सर्वांत उंच मस्तक वर काढते. त्या मस्तकाचें नांव आनमुडी. आन म्हणजे हत्ती आणि मुडी म्हणजे शिर. उंची ८८४२ फूट. कळसूबाईच्या ५४०० फुटांचें कौतुक करणाऱ्या महाराष्ट्रीयाला हा आंकडा किंचित् नमवितो. हिमालयाच्या दक्षिणेस भारतांत याहून उंच शिखर नाहीं.

या शिखराच्या पायथ्याशीं सकाळीं निघून दिवस मावळण्यापूर्वीं दोन अरण्यें पाहतां येतात. पहिलें एरविकुलम्, धुक्याचें आणि गवताचें. दुसरें चिन्नार, काटेरी झुडुपांचें आणि उन्हाचें. मुन्नारपासून चिन्नार अवघें सदतीस मैलांवर आहे. पण तेवढ्यांत प्रवासी कित्येक हजार फूट खालीं उतरतो, आणि दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशांतून वीस इंचांच्या प्रदेशांत येऊन पोंचतो. महाबळेश्वरीं न्याहारी करून दुपारीं माण तालुक्यांतल्या माळावर येऊन उभें राहावें, तसा हा प्रकार आहे. डोंगर ढगांना अडवितो आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख कोरडा राहतो, हा भूगोलाचा धडा शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो. येथें तो मोटारीच्या खिडकींतून पाहावयास मिळतो.

मुन्नार या नांवाचा अर्थ तीन नद्या. मुतिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तिघींच्या संगमावर हें गांव वसलें आहे. १८७७ सालीं जॉन डॅनिएल मन्रो या इंग्रजानें पूंजारच्या राजाकडून हा डोंगराळ मुलूख खंडानें घेतला आणि पुढें येथें चहाचे मळे उभे राहिले. येथें एक छोटी आगगाडीसुद्धां होती. १९२४ च्या पावसाळ्यांत जो महापूर आला त्यानें ती वाहून नेली, ती पुन्हां बांधली गेली नाहीं. मलयाळी कालगणनेप्रमाणें तें वर्ष १०९९, म्हणून तिकडील लोक त्याला आजही नव्व्याण्णवचा पूर म्हणतात. चहाचे मळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना प्रथम फार सुंदर दिसतात. हिरव्या मखमलीचे गालिचे इत्यादि उपमा आपोआप सुचतात. परंतु वाटाड्या जाणता असला, तर तो एक गोष्ट लवकरच सांगून टाकतो. ही मखमल म्हणजे अरण्य नव्हे. अरण्य तोडून तिथें ती अंथरली आहे. खरें अरण्य पाहावयाचें असेल, तर आणखी वर जावें लागतें.

पांचव्या मैलावर प्रवाशाला आपलें वाहन सोडावें लागतें. तेथून वनखात्याच्या गाडींतून राजमला या ठिकाणापर्यंत जातां येतें आणि पुढें पायीं चालावयाचें. राजमला म्हणजे राजाचा डोंगर. मराठी मळ्याशीं त्याचा संबंध नाहीं, जरी भोंवतालचे चहाचे मळे पाहून तसा समज होण्याचा संभव आहे. सुमारें ९७ चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानापैकीं प्रवाशांसाठीं मोकळा असलेला भाग अगदीं लहान आहे. एक वळणावळणाचा रस्ता, त्याच्या एका बाजूस काळ्या खडकाचे कडे आणि दुसऱ्या बाजूस दरी. आंतल्या पठारावर कोणालाही जाऊं देत नाहींत. पैसे मोजून आलेल्या पुष्कळांना हें आवडत नाहीं आणि ते तसें बोलूनही दाखवितात. पण पुढें जें दिसतें तें या बंदीमुळेंच दिसतें, हें थोड्या वेळानें कळून येतें.

सकाळीं पहिल्या गाडीनें जाणें उत्तम. धुकें त्या वेळीं दरींत खालीं बसलेलें असतें आणि कडे वर मोकळे असतात. दहा वाजल्यानंतर तें वर चढूं लागतें, मग समोरचा मनुष्यही दिसेनासा होतो. आनमुडीचा प्रचंड घुमट पहिल्या तासांत पाहून घ्यावा. तो हत्तीच्या गंडस्थळासारखा दिसतो कीं नाहीं याविषयीं बरोबरच्या मंडळींत मतभेद होतो, पण नांव ठेवणारानें तो पावसांत भिजून काळा झालेला असतांना पाहिला असावा, हें मानण्यास हरकत नाहीं.

या रस्त्यावर जें जनावर भेटतें, त्याचें मलयाळी आणि तमिळ नांव वरयाडू. वर म्हणजे कडा आणि आडू म्हणजे शेळी. कड्यावरची शेळी, याहून नेमकें नांव कोणी देऊं शकला नसता. इंग्रज मळेवाले त्याला आयबेक्स म्हणत, तें चूक होतें. शास्त्रीय ग्रंथांत तें निलगिरी ताहर म्हणून ओळखलें जातें. गंमत अशी कीं, २००५ सालीं झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून हा प्राणी शेळीपेक्षां मेंढीच्या अधिक जवळचा आहे असें ठरलें. हिमालयांतील ताहर आणि अरबस्थानांतील ताहर यांचा आणि याचा आजवर एकच गोत समजत. तो मोडून तिघांना तीन स्वतंत्र गोत्रें देण्यांत आलीं. शास्त्रज्ञांनीं गोत्र बदललें, तरी कड्यावरच्या लोकांनीं नांव बदललेलें नाहीं, आणि वरयाडूला या उलाढालीची कांहीं वार्ता असेल असें त्याच्या मुद्रेवरून दिसत नाहीं.

ही मुद्रा पाहण्यासारखी असते. गंभीर, किंचित् कंटाळलेली आणि अत्यंत निर्भय. माद्या आणि पिलें यांचा कळप रस्त्याच्या अगदीं कडेला चरत असतो. त्यांचा रंग करडा-तपकिरी, अंग आंखूड केसांचें, शिंगें जाड आणि मागें वळलेलीं. एखादी माद बाजूच्या खडकावर उभी राहून दूरवर पाहत असते. बिबट्याची किंवा रानकुत्र्यांची चाहूल लागली, तर शिटीसारखा आवाज करून ती कळपाला सावध करते. पूर्ण वाढलेला नर क्वचित् दिसतो. त्याचें वजन दोनशे रत्तलांच्या आसपास भरतें, अंग गडद तपकिरी, जवळजवळ काळें होतें, आणि पाठीवर रुपेरी केसांचा एक पट्टा उमटतो. घोड्यावर खोगीर घालावें तसा तो दिसतो, म्हणून इंग्रजींत त्याला खोगीरपाठ्या अशा अर्थाचें नांव आहे. माणसें चारपांच हातांवर उभीं आहेत, मुलें ओरडत आहेत, आणि हीं जनावरें मान खालीं घालून गवत खात आहेत, हें दृश्य प्रथम पाहणाऱ्याला खोटें वाटतें. हीं पाळलेलीं आहेत काय, असा प्रश्न प्रत्येक तुकडींत एकदां तरी विचारला जातो.

तीं पाळलेलीं नाहींत. थोडा वेळ थांबलें म्हणजे याचा पुरावा मिळतो. कांहीं तरी खडखडतें, कळप मान वर करतो, आणि दुसऱ्या क्षणीं साऱ्या माद्या आपल्या पिलांसह त्या सरळ कड्यावर चढून गेलेल्या असतात. खुरांच्या मधला भाग रबरासारखा मऊ असल्यामुळें ओल्या खडकावरही त्यांचा पाय घसरत नाहीं. महिन्याभराचें पिलूंसुद्धां मनुष्याला दोर बांधूनही जातां येणार नाहीं अशा ठिकाणीं उड्या मारीत जातें. तेथून वळून तें खालच्या गर्दीकडे पाहतें.

मग तीं माणसाला भीत कां नाहींत? याचें उत्तर इतिहासांत आहे, आणि तो सारा गोड नाहीं. मळेवाल्या इंग्रजांना शिकारीचा शौक होता. मळ्यांच्या पलीकडचें हें पठार त्यांनीं आपल्या शिकारीसाठीं राखून ठेवलें, बाहेरच्यांना बंदी केली, स्वतःच्या बंदुकांवरही मर्यादा घातली, आणि पहाऱ्यासाठीं या डोंगरांत पूर्वींपासून राहणाऱ्या मुतुवान लोकांना नेमलें. मुतुवानांची परंपरागत कथा अशी कीं, ते मदुरेहून मीनाक्षीची मूर्ति पाठीवर घेऊन या डोंगरांत आले. मुतुक म्हणजे पाठ, त्यावरून त्यांचें नांव पडलें असें ते सांगतात. ज्यांना रानाची प्रत्येक वाट ठाऊक, त्यांच्याच हातीं रानाची राखण गेली. शिकारी मंडळींचा हेतु निर्मळ होता असें नव्हे. शिकार शिल्लक राहावी एवढाच तो होता. पण निलगिरींत आणि अन्यत्र वरयाडूचे कळप नाहींसे होत असतांना येथें ते टिकले, याचें श्रेय त्या स्वार्थालाही द्यावें लागतें आणि त्या पहारेकऱ्यांना त्याहून अधिक.

१९७१ सालीं केरळ सरकारनें कायदा करून मळेवाल्यांकडील लागवड न झालेली जमीन परत घेतली. ती भूमिहीनांना वांटून तेथें शेती व्हावी, अशीही एक विचारसरणी त्या काळीं होती. ती सर्वस्वीं अन्यायाची होती असें म्हणतां येणार नाहीं. मळ्यांवर राबणाऱ्या माणसांना स्वतःची वीतभर जमीन नव्हती. तरी त्या उंचीवर, त्या पावसांत आणि त्या उतारांवर नांगर चालला असता, तर माती दोन पावसाळ्यांत खालीं वाहून गेली असती. १९७५ सालीं एरविकुलम् अभयारण्य झालें आणि १९७८ सालीं राष्ट्रीय उद्यान. त्याच सुमारास झालेल्या पाहणींत साऱ्या जगांतील वरयाडूंची संख्या सुमारें २२०० असावी असा अंदाज निघाला. २०२५ सालीं केरळ आणि तमिळनाडू या दोन राज्यांनीं मिळून गणना केली, तेव्हां २६६८ वरयाडू भरले. केरळांत १३६५ आणि तमिळनाडूंत १३०३. त्यांपैकीं आठशेंहून अधिक एकट्या एरविकुलम् उद्यानांत आहेत. पन्नास वर्षांच्या राखणीनंतरही सारी जात एखाद्या मध्यम खेड्याच्या लोकसंख्येइतकीच आहे. या दोन राज्यांच्या बाहेर ती जगांत कोठेंही रानांत आढळत नाहीं.

म्हणून त्या रस्त्यावर वनखात्याचे पहारेकरी जें पुनःपुन्हां सांगत असतात, त्याकडे लक्ष द्यावें हें बरें. जनावराला हात लावूं नये, खाऊं घालूं नये, त्याच्या आणि कड्याच्या मध्यें उभें राहूं नये. पहिल्या दोन सूचना सर्वांना समजतात, पाळतात कमी. तिसरीचें मर्म सांगावें लागतें. वरयाडूची सारी निर्भयता त्याच्या पाठीमागच्या कड्यावर अवलंबून आहे. कड्याची वाट मोकळी असेपर्यंत तो मनुष्याला शेजार देतो. ती अडली कीं त्याच्या दृष्टीनें मनुष्य आणि बिबट्या यांत फरक उरत नाहीं. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र काढणारें यंत्र असतें, आणि जनावराबरोबर आपलाही चेहरा त्यांत यावा असा हव्यास असतो. त्यासाठीं पिलाच्या शिंगाला हात घालणारे सुशिक्षित गृहस्थ येथें पाहावयास मिळतात, आणि त्यांना हटकणारा पहारेकरी कित्येकदां त्यांच्याहून कमी शिकलेला असतो. वर्षास कित्येक लाख माणसें या एका रस्त्यानें चालतात. त्यांच्यापैकीं शंभरांतल्या एकानेंच ही आगळीक केली, तरी ती वर्षांत हजारों वेळां होते.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पिलें जन्मण्याच्या काळांत, हें उद्यान प्रवाशांना बंद असतें. माद्यांना पावसाळ्यांत गर्भ राहतो आणि थंडीच्या अखेरीस एक एक पिलूं होतें. नाताळच्या सुट्टींत न जमलें म्हणून फेब्रुवारींत निघणाऱ्या कुटुंबांनीं हें आधीं विचारून घ्यावें, नाहीं तर पांचव्या मैलावरून परतावें लागतें.

आतां गवताकडे वळावें. वरयाडूमागें धांवणाऱ्या प्रवाशांपैकीं पुष्कळांच्या हें ध्यानींही येत नाहीं कीं, तो ज्यावर उभा आहे तें गवत त्याच्याइतकेंच मोलाचें आहे. माथ्यावर मैलोगणती गवत आणि मधल्या घळींत झाडांचे दाट, गोल, बुटके पुंजके. या पुंजक्यांना शोला म्हणतात. दोहोंची सीमा इतकी रेखीव असते कीं, कोणी कात्रीनें कापून ठेवल्यासारखी दिसते. झाडें बाहेर कां पसरत नाहींत, याचें एक कारण थंडींतलें दंव आहे. जानेवारींत उघड्या माळावर पारा शून्यापर्यंत उतरतो आणि बाहेर उगवलेलें रोप गोठून मरतें. घळींतलें रोप मोठ्या झाडांच्या आडोशाला वांचतें. गवत पावसाचा मारा अंगावर घेतें, पाणी जमिनींत मुरवितें, आणि शोल्यांतले झरे तें वर्षभर हळूहळू सोडीत राहतात. पूर्वींच्या राज्यकर्त्यांना आणि नंतरच्याही अधिकाऱ्यांना हें गवत म्हणजे पडीक जमीन वाटली. निलगिरींत आणि मुन्नारच्या भोंवतालच्या डोंगरांत अशा जमिनीवर त्यांनीं निलगिरीचीं आणि बाभळीच्या जातीचीं परदेशी झाडें लावलीं. झाड लावणें हें नेहमींच पुण्यकर्म असतें, या समजुतीला येथें मोठा धक्का बसतो.

गवतांतच कुरिंजी वाढते. बारा वर्षांनीं एकदां सारा डोंगर निळाजांभळा करून टाकणारी ती हीच. महाराष्ट्रांत जिच्या काठ्यांचे कूड घालून घरें बांधीत आणि जी सात वर्षांनीं फुलते, त्या कारवीची ही जवळची नातेवाईक. कारवी पाहिलेल्या माणसाला कुरिंजीचें पान ओळखूं येतें. फुलोऱ्याच्या वर्षांची नोंद १८३८ पासून आढळते, आणि बारांच्या पाढ्यांत ती चुकत नाहीं. १९४६ सालीं ती फुलली, २००६ सालीं फुलली, २०१८ सालीं फुलली. त्या शेवटच्या खेपेस ऑगस्टमध्यें केरळावर महापूर कोसळला, मुन्नारचे रस्ते तुटले, आणि बारा वर्षें वाट पाहणाऱ्या अनेकांना डोंगरापर्यंत पोंचतां आलें नाहीं. पुढचा फुलोरा २०३० सालीं अपेक्षित आहे. कुरिंजी एकदां फुलली कीं मरते आणि बीं टाकून जाते. या डोंगरांतील आदिवासी माणसाचें वय किती कुरिंज्या पाहिल्या यावर मोजीत, असें सांगतात. त्या हिशेबानें पांच कुरिंज्या पाहणारा मनुष्य साठीचा होतो, आणि बहुतेक प्रवाशांच्या वांट्याला एकही येत नाहीं.

राजमल्याच्या जवळच पेट्टिमुडी नांवाची मळेकामगारांची वस्ती होती. २०२० सालच्या ऑगस्टच्या सहा तारखेच्या रात्रीं अतिवृष्टींत डोंगराचा कडा सुटून त्यांच्या चाळींवर आला आणि सत्तर माणसें गेलीं. तीं बहुतेक तमिळ बोलणारीं, पिढ्यान्‌पिढ्या चहाचीं पानें खुडणारीं कुटुंबें होतीं. मुन्नारचे वाटाडे याविषयीं आपण होऊन बोलत नाहींत. विचारलें तर सांगतात, आणि थोडक्यांत सांगतात. सौंदर्य पाहावयास आलेल्या मंडळींपुढें हें बोलावें कीं नाहीं, असा त्यांना संकोच वाटत असावा. बोलावें, हेंच योग्य. ज्या चहाच्या मळ्यांचीं चित्रें प्रवासी घरीं नेतात, ते मळे राखणारीं माणसें ज्या खोल्यांत राहतात त्या उताराच्या पायथ्याशीं आहेत, हाही त्या चित्राचाच भाग आहे.

अकरा वाजतां राजमला सोडावा. पुढचा रस्ता उतरूं लागतो. लक्कम् येथें रस्त्याच्या कडेलाच धबधबा आहे. तेथें पाय बुडवून पुढें निघावें, फार वेळ काढूं नये. तासाभरांत हवा बदलते. स्वेटर निघतात, मुलें पाणी मागूं लागतात, आणि मरयूरचें खोरें समोर उघडतें.

येथें मलयज भेटतो. मरयूरचें चंदनवन हें केरळांतील एकमेव मोठें नैसर्गिक चंदनवन. काव्यांतला चंदन पाहण्याच्या अपेक्षेनें गेलेल्याची येथें निराशा होते. मध्यम उंचीचीं, काळपट सालीचीं, विरळ पानांचीं सामान्य झाडें, त्यांना वास नाहीं, त्यांवर सर्प नाहींत. सुगंध आंतल्या गाभ्यांत, आणि तो कुऱ्हाड लागल्यावांचून बाहेर येत नाहीं. शिवाय चंदन हा आपल्या मुळांनीं शेजारच्या झाडांचा रस शोषून अर्धाअधिक जगतो, ही माहिती सज्जनांना चंदनाची उपमा देणाऱ्या सुभाषितकारांना नव्हती असें दिसतें. वनाभोंवतीं तारेचीं कुंपणें आहेत आणि रात्रंदिवस पहारा आहे. चोरांचा लोभ प्रत्येक झाडाला चिकटलेला आहे.

मरयूरच्या खडकाळ माळावर मोठमोठ्या शिळांचीं घरकुलें आहेत. तीन बाजूंस उभ्या शिळा, वर एक आडवी. लोक त्यांना मुनियरा, म्हणजे मुनींच्या खोल्या, म्हणतात; पुराणवस्तुशास्त्रज्ञ त्यांना महापाषाण काळांतील दफनस्थानें मानतात. आणि खालीं खोऱ्यांत ऊंस आहे. ज्याला कोल्हापूरकडचें गुऱ्हाळ ठाऊक आहे, त्याला येथें परकें वाटत नाहीं. तेंच चुलाण, तीच काहील, तोच काकवीचा वास. फरक एवढाच कीं, कोल्हापुरास ढेप पाडतात आणि येथें गरम गूळ हातानें वळून त्याचे लाडू करतात. या गुळाला २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांकही मिळाला. मंडळी दोन दोन लाडू बांधून घेतात. बांधून घेण्यासारखाच तो आहे.

तीनच्या सुमारास चिन्नार. १९८४ सालीं घोषित झालेलें हें अभयारण्य अवघें ९० चौरस किलोमीटरांचें आहे. येथें गाडींतून अरण्य पाहणें नाहीं. मुतुवान किंवा पुलयर जमातीचा वाटाड्या बरोबर घेऊन पायीं जावयाचें, आणि तो नेईल तेथवरच जावयाचें. राजमल्यावर हजारांच्या गर्दींत चाललेला प्रवासी येथें पांचसहा माणसांच्या रांगेंत येतो आणि एकदम गप्प होतो. तें चांगलेंच, कारण येथील जनावरें वरयाडूसारखीं समोर येऊन उभीं राहत नाहींत. वाटाड्या पुढें, मग मुलें, मग वडील माणसें. तो हात वर करतो तेव्हां थांबावयाचें. कशासाठीं थांबलों हें तो लगेच सांगत नाहीं. कधीं ओली लीद असते, कधीं मोडलेली फांदी, कधीं नुसता वारा फिरलेला असतो. हत्तींच्या रानांत वाऱ्याची दिशा ही प्रथम पाहावयाची गोष्ट आहे, आणि शहरांतल्या माणसाला ती ओळखतां येत नाहीं. गवे, सांबरें, चितळ यांचा येथें वावर आहे. तस्करांच्या हातून सोडविलेलीं नक्षीदार पाठीचीं तारा-कासवेंही या काटेरी रानांत आणून सोडलेलीं आहेत.

पण चिन्नारला जाणारा जाणता प्रवासी एका प्राण्याच्या शोधांत असतो. महाराष्ट्राचें राज्यपशुपद शेकरूला आहे, आणि भीमाशंकरच्या रानांत ती अनेकांनीं पाहिली आहे. तिचीच एक चुलत बहीण, राखाडी अंगाची आणि पांढरट झांक असलेल्या शेपटीची, केरळांत मुख्यतः येथें राहते. मलयाळींत तिला चाम्पल मलयण्णान् म्हणतात. राखी रंगाची डोंगरखार, असा त्याचा अर्थ. केरळाबाहेर ती तमिळनाडूंत थोड्या ठिकाणीं आणि सिंहलद्वीपांत आढळते. ती काटेरी झुडुपांत राहत नाहीं. तिला नदीकांठचीं उंच झाडें लागतात, आणि तींही एकमेकांस लागून असलेलीं. कारण एका झाडावरून दुसऱ्यावर ती वरच्यावर जाते, जमिनीवर उतरणें शक्य तों टाळते. नदीकांठची ही झाडांची पट्टी कित्येक ठिकाणीं जेमतेम कांहीं वांव रुंद आहे. मधलीं दोनचार मोठीं झाडें पडलीं, तर तिच्या राज्याचे दोन तुकडे होतात.

ही नदी म्हणजे पांबार. केरळांतल्या चव्वेचाळीस नद्यांपैकीं फक्त तीन पूर्वेकडे वाहतात, त्यांत ही एक. पुढें ती तमिळनाडूंत अमरावतीला मिळते आणि अमरावती कावेरीला. चिन्नारच्या वीस इंच पावसावर ही नदी उन्हाळ्यांत वाहती राहती ना. तिचें पाणी येतें तें वरून, सकाळीं धुक्यांत पाहिलेल्या गवतांतून आणि शोल्यांतल्या झऱ्यांतून. राजमल्यावर ज्याला कोणी लक्ष देऊन पाहिलें नाहीं, त्या गवतावर ही राखी शेकरू जगते, खालचा ऊंस जगतो, आणि त्याहून खालीं तमिळनाडूंतलीं शेतें भिजतात. वाटाड्याला नदीचें नांव विचारावें आणि ती कोठून येते हेंही विचारावें. तो बोट वर करून आनमुडीच्या दिशेला दाखवितो.

शेकरू दिसेलच याची हमी नसते. बहुधा प्रथम तिचें घरटें दिसतें. दोन झाडांच्या फांद्या जेथें मिळतात तेथें काटक्यांचा आणि पानांचा मोठा गोळा. वाटाड्या सर्वांना खालीं बसवितो. दहा मिनिटें जातात. मुलें चुळबुळ करूं लागतात, कोणी तरी घड्याळ पाहतो. मग वर एक फांदी हलते, शेपटीची एक लांब राखाडी रेघ उजेडांतून सरकते आणि पलीकडच्या झाडांत नाहींशी होते. रांगेंतल्या निम्म्यांनीं ती पाहिलेली असते, आणि उरलेल्या निम्म्यांना कोठें, कोठें म्हणून विचारीत राहावें लागतें.

पांचच्या सुमारास पलीकडच्या तीरावर फांदी मोडल्याचा आवाज येतो. वाटाड्या कान देतो, वारा पाहतो, आणि कांहीं न बोलतां मंडळींना आल्या वाटेनें परत फिरवितो. नाक्यावर पोंचल्यावर तो माणसें मोजतो, वहींत वेळ लिहवून घेतो, आणि हत्ती होते काय, या प्रश्नाला हसून एक असें उत्तर देतो. एकटा होता, म्हणूनच परतलों. कळप असता तर तिथेंच बसून पाहिला असता.